दोन पॉइंट पंचेचाळीसच्या आत

पीयूसीच्या केबिनमध्ये धूर फार वेळ टिकत नाही, दोन मिनिटांत उडून जातो. मागे उरतात ते किस्से. सहा महिन्यांनी तीच गाडी येते, तोच ड्रायव्हर येतो, आणि मागचा किस्सा अजून पुरता जुना झालेला नसतो तोवर नवा सुरू होतो! घरी सांगायला गेलं तर मुलगी म्हणते, "आई, परत ट्रक?" म्हणून आता तुम्हाला सांगते.

उरणहून न्हावा शेवाकडे कंटेनरचे ट्रेलर जातात त्या रस्त्याला माझी पत्र्याची केबिन आहे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि धूर मोजायचं मशीन. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घालायची, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. असं चार-पाच वेळा. मग मशीन सरासरी आकडा देतं. जुन्या डिझेल गाड्यांना दोन पॉइंट पंचेचाळीस ही लाइन. आत राहिली तर पास, वर गेली तर फेल.

एक पॉइंट आठची गाडी येते नि जाते, तिचं नावही लक्षात राहत नाही. चारची गाडी येते, काळं करून जाते, तिच्याबद्दल काय बोलणार? किस्से होतात ते लाइनीवर लोंबकळणाऱ्या गाड्यांचे. आणि आमच्याकडे तशी एकच आहे, हसूदादांची.

हसूराम म्हात्रे, वय त्रेसष्ट, मूळ मिठागरवाल्या घरातले. ट्रकच्या कपाळावर 'एकवीरा कृपा' लिहिलेलं. पेणकडच्या मिठागरातून मीठ उचलायचं आणि रेवसच्या बंदरावर सुक्या मासळीवाल्यांना टाकायचं, हे त्यांचं काम. गाडीचा अर्धा पत्रा मिठाने खाल्लेला. किलोमीटरचा काटा सात लाखांवर बंद पडलाय. पुढचे किलोमीटर हसूदादा तोंडी सांगतात, आणि दर वेळी वेगळे सांगतात!

*

पहिला किस्सा दोन वर्षांपूर्वीचा. हसूदादा आले ते मुलाला घेऊन. नितेश कंटेनर यार्डाच्या ऑफिसात आहे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वडखळजवळ गाडी बंद पडली आणि हसूदादा भर उन्हात पाच तास रस्त्याच्या कडेला बसले. चक्कर येऊन पडले, सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून नितेशच्या डोक्यात एकच, की ही गाडी विकायची आणि बाबांना घरी बसवायचं.

गाडी माझ्या केबिनबाहेर दोन तास बंद उभी होती, कारण हसूदादा चहा पीत होते. नंबर आला तशी सुरू केली आणि थेट टेस्टला लावली. आकडा आला दोन पॉइंट साठ. फेल.

नितेश म्हणाला, "बघितलंत बाबा? संपलं. आता सीरियसली भंगारात."

शेजारच्या गॅरेजमधून मजीदभाई हात पुसत आले. मजीदभाई म्हणजे डिझेल पंप आणि नोझलचे आमच्या रस्त्यावरचे डॉक्टर. बॉनेटवर पालथा हात ठेवून म्हणाले, "तौबा! ताई, अहो इंजिन गार आहे. साठीच्या माणसाला झोपेतून उठवून धावायला लावता का? धापा टाकणारच!"

गाडी द्रोणागिरीपर्यंत फिरवून आणली, गरम गरम परत टेस्टला लावली. दोन पॉइंट एकेचाळीस. पास!

हसूदादांनी गाडीला हात जोडले. नितेशने मात्र तिथेच माझ्या टेबलावर हात ठेवून सांगितलं, "ठीक आहे. पण ह्याच्यापुढे वहिनींच्या मशीनवर एकदा जरी फेल आली, तर त्याच दिवशी भंगारात. मंजूर?"

हसूदादांनी माझ्याकडे बघितलं, मजीदभाईंकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"मंजूर," ते म्हणाले. "शब्द दिला."

मिठागरवाल्याचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून माझं साधं सरकारमान्य मशीन त्या ट्रकसाठी कोर्ट झालं. आणि जज कोण, तर मी!

*

आता अडचण अशी झाली, की माझ्या मशीनवर फेल आली तर संपलं. म्हणजे मशीनवर चढवायच्या आधीच गाडी पास होणार की नाही हे कळायला हवं. मशीनशिवाय कसं कळणार?

मजीदभाईंनी उपाय काढला. पांढरा रुमाल! पकडीत रुमाल धरायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी न्यायचा, हसूदादांनी तीनदा ॲक्सिलरेटर दाबायचा. मग रुमाल उजेडात धरून काळेपणा बघायचा.

पण किती काळा म्हणजे किती? म्हणून मजीदभाईंनी महिनाभर माझ्याकडे टेस्टला येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीपुढे आधी रुमाल धरला आणि मग माझा आकडा त्याच्यावर बॉलपेनने लिहिला. आजही त्यांच्या गॅरेजात एका तारेवर ओळीने चिमट्यांनी रुमाल टांगलेले आहेत. दीड, एक पॉइंट नऊ, दोन पॉइंट दोन, दोन पॉइंट चार, आणि शेवटचा तीन पॉइंट सहा. तो रुमाल होता हे सांगावं लागतं.

नवा रुमाल आला की ते तारेच्या बाजूने चालत जातात, साडीला मॅचिंग ब्लाउजपीस शोधावा तसे. थांबतात, मागे येतात. "हा दोन पॉइंट तीनच्या बाजूला बसतोय." आणि मशीनवर लावली की दोन पॉइंट बत्तीस येते! मी या धंद्यात अकरा वर्षं आहे, पण त्या तारेपुढे माझं काही चालत नाही.

ईदला मजीदभाई नवीन कपडे घालून, अत्तर लावून नमाजाला निघाले, खिशात हात घातला तर रुमाल नाही. बायकोने दारातून ओरडून सांगितलं, "जा ना गॅरेजवर! तारेवरचा एखादा घेऊन जा, दोन पॉइंट दोनवाला चालेल तुम्हाला!"

*

दुसऱ्या टेस्टच्या वेळी रुमाल भयंकर आला. मजीदभाई तारेच्या टोकापर्यंत गेले तरी थांबेनात.

"हसूभाई, काय केलं गाडीला?"

"काय नाय रं. उलट गारी साफ केली, वयनीकर आनायची म्हून."

"काय साफ केलं?"

"सगला. टप, बॉनेट, हेडलाइट, फिल्टर..."

"कुठला फिल्टर?"

"हवेचा. मस्त गोडा पानी मारला तेला. खारा वारा खाऊन खाऊन पार घान जाला व्हता."

तुम्हाला सांगते, मिठागरात वाढलेल्या माणसाचा एका गोष्टीवर पक्का विश्वास असतो. मीठ लागलं की गोडं पाणी मारायचं. फावडं असो, सायकल असो, स्वतःचे पाय असोत. खाऱ्या वाऱ्याची हसूदादांना जेवढी भीती, तेवढी पोलिसांचीही नाही. त्यांनी हवेचा कागदी फिल्टर बादलीत बुडवून, साबण लावून, पिळून परत बसवला होता!

मजीदभाईंनी फिल्टर बाहेर काढला. त्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी तो हसूदादांच्या नाकासमोर धरला. मग हळूच म्हणाले, "हसूभाई, गाडीला श्वास घ्यायला हवा लागते. तुम्ही तिच्या नाकाला ओला टॉवेल बांधलाय. हवा नाही, तर डिझेल पुरतं जळणार कसं? न जळलेलं काळं होऊन मागून येतंय."

नवा फिल्टर टाकला. रुमाल दोन पॉइंट चारजवळ बसला. मशीनवर दोन पॉइंट अडतीस. पास!

हसूदादा जाताना म्हणाले, "बरा जाला. पन पानी गोडाच व्हता हां, वयनी."

*

एका सकाळी केबिन उघडली, तर मशीनला लिंबू-मिरची बांधलेली. नळीच्या टोकाला, व्यवस्थित, काळ्या दोऱ्याने. बाहेर हसूदादा उभे.

मी म्हटलं, "दादा, लिंबू-मिरची गाडीला बांधतात."

"गारी ठीक हाय," हसूदादा म्हणाले. "नजर तुज्या मशीनला लागलेय. पन्नास ट्रेलरवाले रोज डोला वटारून बघतान तिच्याकरं!"

*

तिसरी टेस्ट. रुमाल दोन पॉइंट चार आणि तीन पॉइंट सहा यांच्या मधे कुठेतरी फिरत होता, मजीदभाईंनाही खात्री देता येईना. नितेश रजा टाकून आलेला, हाताची घडी घालून उभा.

मी नळी घातली आणि आतून ओरडले, "दाबा दादा!"

इंजिन जरासं गुरगुरलं आणि गप्प झालं. मशीनने स्क्रीनवर दाखवलं, आरपीएम कमी.

"दादा, पूर्ण दाबा!"

परत गुरगुर. आरपीएम कमी.

मी बाहेर गेले. हसूदादांचा पाय ॲक्सिलरेटरवर असा ठेवलेला, जसा माणूस देवळात पायरीवर ठेवतो.

"दादा, तळापर्यंत दाबा."

"वयनी, गुरगा दुखतंय."

"कधीपासून?"

"ही नली घातलीस तवापासून."

नितेश पुढे आला. "उतरा बाबा, मी दाबतो." हसूदादांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. मुलाच्या पायावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि बापाच्या पायावर मुलाचा नव्हता. शेवटी ओढणी कमरेला बांधून मीच वर चढले. नितेशला कॉम्प्युटरकडे बघत उभं केलं आणि मीच दाबला, तळापर्यंत, नियमाप्रमाणे. माझ्या पायाखाली ते म्हातारं इंजिन केविलवाणं ओरडलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी ती पास व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. पण पाय मी उचलला नाही.

खाली उतरून स्क्रीन बघितला. दोन पॉइंट पंचेचाळीस. नेमका!

नितेश म्हणाला, "हे पास की फेल?"

"लाइनीवर म्हणजे आत," मी म्हटलं, आणि प्रिंटरने 'पास' छापलेला कागद बाहेर काढला. मला एवढं सुटल्यासारखं वाटलं, की मी स्टुलावर बसलेच. हसूदादांचा गुडघा त्या क्षणापासून एकदम बरा!

*

नेमका आकडा आल्यावर मजीदभाईंनी मनावर घेतलं. म्हणाले, "हे लोंबकळणं बस झालं." सगळे नोझल खोलले. एक नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब थेंब गळत होतं, ते बदललं. शिवाय पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी केलं. रुमाल असा आला, की मजीदभाईंच्या बायकोने तो परत मागितला.

दोन दिवसांनी हसूदादांचा फोन आला, कार्लेखिंडीतून. गाडीत भरलेलं मीठ, आणि गाडी चढच चढेना! डिझेलच कमी, तर ताकद कुठून येणार?

"मजीद, मी पयल्या गेरमधी हाय," ते फोनवर ओरडत होते. "एक मास्तर सायकलीवर माज्या पुरं गेला! वर जाऊन थांबला, आनि मना विचारतंय, काका, पाणी हवंय का?"

"मग?"

"मग बोलतंय, तुमच्या गाडीचं मागे काहीतरी पडलंय, टोपण आहे कसलं तरी. मी बोल्लो, गारीची चेष्टा करू नको!"

मजीदभाई हसून हसून बाकावर आडवे झाले. गाडी परत आल्यावर त्यांनी स्क्रू अर्धा मागे फिरवला. खिंड चढायला लागली आणि आकडा परत लाइनीच्या जवळ आला. चौथ्या टेस्टला दोन पॉइंट चाळीस. मजीदभाई मला म्हणाले, "ताई, या गाडीची हीच जागा आहे. इकडे सरकवली तर चढत नाही, तिकडे सरकवली तर पास होत नाही."

*

आणि मग गेल्या महिन्यातली पाचवी टेस्ट.

सर्टिफिकेट संपायला दोन दिवस राहिलेले. मजीदभाईंनी रुमाल धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. तारेवर न्यायची गरजच नव्हती. परत धरला, तेच. फिल्टर काढून बघितला, नवा कोरा, कोरडा. नोझल खोलले, छान फवारा. पंप बघितला, टायमिंग बघितलं, इंजिनाच्या झडपांचे टॅपेट सेट केले. दोन दिवस मजीदभाईंनी दुसरी गाडी हातात घेतली नाही. धूर तेवढाच काळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. "ताई, मला कळत नाहीये," म्हणाले. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे कोणी ऐकलं नसेल.

हसूदादांनी गाडी धुतली, कपाळावर हार घातला. म्हणाले, "चल वयनी. शब्द दिलाय तो दिलाय." त्यांचा आवाज साधाच होता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

नितेश ऑफिसातून थेट आलेला, पाठीला बॅग. गाडी उलटी लावली, सायलेन्सर माझ्या खिडकीकडे. हसूदादा वर बसले आणि म्हणाले, "आज मीच दाबतंय. तलापर्यंत." मजीदभाई पुढे बॉनेटपाशी डोळे मिटून ओठ हलवत उभे.

मला खिडकीतून दिसलं, की ट्रकच्या केबिनच्या पाठीमागे गुंडाळलेल्या ताडपत्रीचं एक टोक सुटून सायलेन्सरवर लोंबतंय. मी नितेशला म्हटलं, "तेवढं वर खोच बाबा, नाहीतर जळेल."

तो वर चढला. ताडपत्री बाजूला केली. तिच्या मागे गाडीचा हवा ओढायचा उभा पाइप आहे, डोक्याएवढ्या उंचीचा. आणि त्याच्या तोंडावर, जिथे टोपण असायला हवं तिथे, नारळाची करवंटी होती! चांगली अर्धी करवंटी, घट्ट बसवलेली, जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने बांधलेली. तीन डोळ्यांपैकी एकच फुटलेला. इंजिन सुरू होतं, आणि त्या एका डोळ्यातून हवा शिट्टी मारत आत जात होती.

नितेशने त्या भोकावर तळहात ठेवला. इंजिन अडखळलं. हात काढला. इंजिन सावरलं. लहानपणी याच गाडीत मिठाच्या पोत्यांवर झोपून तो रेवसपर्यंत जायचा. त्याला सगळं कळलं.

मग त्याने खाली खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे.

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते अजून माझं ठरत नाही. त्याला नुसतं ताडपत्री परत ओढून खाली उतरायचं होतं. पाच मिनिटांत माझ्या मशीनने बाकीचं केलं असतं. बाबा घरी बसले असते, पुन्हा वडखळच्या उन्हात पडले नसते. त्यात त्याचं काही चुकलंही नसतं.

हसूदादा पुढून ओरडले, "नितेश, जाला का रं?"

तो तसाच उभा. मग खाली वाकला, दाताने दोरा तोडला, करवंटी उपटली आणि बॅगेत टाकून चेन लावली.

"झालं बाबा," तो म्हणाला. "दाबा आता."

दोन पॉइंट बारा.

मजीदभाईंनी स्क्रीन बघितला, परत बघितला, आणि मोठ्याने ओरडले, "टॅपेट! मी म्हणत होतो ना, टॅपेटच!" आजही ते सगळ्यांना तेच सांगतात. हसूदादा गाडीच्या कपाळाला डोकं टेकून उभे राहिले, त्यांच्या मते ही एकवीरा आईची कृपा. मी सर्टिफिकेट छापलं. नितेशने ते घडी घालून वडलांच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "सहा महिने. पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन जायचं, रोज." मी प्रिंटरमध्ये कागद भरायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतेय, तोच 'एकवीरा कृपा' येऊन थांबली. हसूदादा घाईघाईने उतरले.

"वयनी, काल हितं गारी उभी व्हती ना, तवा माजी करवंटी कोनीतरी ढापली!"

"कसली करवंटी?" मी तोंड सरळ ठेवून विचारलं.

"अगो, हवेच्या पायपावरची! कार्लेखिंडीन टोपन परला ना, तवा पातल फडका बांधलेला. आठ दिसांपूर्वी तो फाटला, मंग तीच लावलेली मी, खारा वारा आत जाव नये म्हून. कवरे मेहनतीनं बसवलेली!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"तू नको टेन्शन घेव. कालचा नवसाचा नारल घरान व्हताच. सकाली दुसरी बांधली. आनि ही मोठी हाय, एकदम फिट!"